शेपूट मागेच असते, हे कशावरून?

बाहेर पाटी लागली आहे, 'दीर्घिकांचे गट मोठ्या गुच्छांत शिरताना : क्ष-किरण चित्रांची समीक्षा'. ती वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच विचारलं, की चित्रांची समीक्षा कसली, ही काय प्रदर्शनातली चित्रं आहेत? तर एका अर्थी हो. ही चित्रं कुणीतरी तयार केलेली असतात, कुणीतरी रंगवलेली असतात, त्यांच्याखाली कुणीतरी दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि आम्ही ती आणून तुमच्या मुलांना दाखवलेली असतात. तेव्हा समीक्षेला भरपूर जागा आहे. सुरुवात आमच्यापासूनच करतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांमधून आम्ही काही जण आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. एक दुर्बीण, एक प्रोजेक्टर, वीज गेली तर बॅटरी. ढग आले की दुर्बीण पिशवीत राहते आणि मग चित्रांवर भागवावं लागतं. त्या चित्रांत एक आमचं फार लाडकं होतं. एनजीसी ४८३९ नावाची एक मोठी दीर्घिका, तिच्याभोवतीचा दीर्घिकांचा गट आणि त्या गटाच्या मागे लांबलेली तापलेल्या वायूची शेपटी. शेजारी कोमा हा महाकाय गुच्छ. आम्ही ठरलेलं वाक्य म्हणायचो : "बघा मुलांनो, हा छोटा गट पहिल्यांदाच मोठ्या गुच्छात पडतोय. शेपूट मागे आहे, म्हणजे तोंड कुठे? गुच्छाकडे!" मुलं हात वर करून ओरडायची, आम्हीही खूश.

शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, शेपूट मागंच असतं हे कशावरून? मगाशी तुम्हीच बोललात ना, धूमकेतूचं मागं नसतं म्हणून."

तिचं बरोबर होतं. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्यापासून दूर जात असताना ती चक्क त्याच्या पुढे असते. हे आम्ही अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं आणि तीच मुलगी ते विसरली नव्हती, आम्ही विसरलो होतो. त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की तिने विचारलेल्या प्रश्नावरच गेली तीसेक वर्षं जाणकारांत वाद चालू आहे. आणि आम्ही त्या वादातला एक निकाल, तोही बहुधा चुकीचा, शाळाशाळांतून सांगत सुटलो होतो.

आता थोडं मूळ दृश्य. ज्यांना माहीत आहे त्यांनी पाच मिनिटं सांभाळून घ्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. अशी काही थोडी, फार तर पन्नासेक गावं गुरुत्वाने एकत्र बांधलेली असली की तो गट. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका अशाच एका गटात आहेत. शेकडो, प्रसंगी हजाराच्या वर दीर्घिका एकत्र असल्या की तो गुच्छ. आणि गुच्छ वाढतात ते बऱ्याच अंशी असे गट आत ओढून घेऊन.

दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ आणि अतिशय तापलेला वायू असतो. गटात कोटी-दीड कोटी अंश, मोठ्या गुच्छात पाच ते दहा कोटी अंश. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत उजळतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. क्ष-किरण म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो. दवाखान्यात किरण शरीरातून पलीकडे जातात आणि हाडाची सावली उमटते. इथे सावली नाही, तो वायू स्वतःच दिवा आहे. आणि हे किरण आपल्या हवेत अडतात, जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून दुर्बिणी वर पाठवाव्या लागल्या. १९९९ साली दोन गेल्या, २३ जुलैला अमेरिकेची 'चंद्रा' आणि १० डिसेंबरला युरोपची 'एक्सएमएम-न्यूटन'. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आहे. मुलांना दरवेळी वाटतं ती चंद्रावर ठेवलीय.

गट गुच्छात शिरताना काय होतं ते सांगायला आम्ही उफणणीचं उदाहरण देतो. खळ्यावर सूप उंच धरून भात सोडलं की दाणा सरळ खाली पडतो आणि फोल वाऱ्यावर बाजूला जातं. दीर्घिका दाण्यासारख्या, गुच्छातला वायू त्यांना अडवू शकत नाही, त्या पुढे निघून जातात. गटाचा वायू मात्र समोरच्या वायूवर आपटतो, रेंगाळतो, मागे ओढला जातो. उदाहरण चांगलं आहे. मुरबाडच्या पोराला लगेच समजतं. पण त्याच्यातही खोट आहे आणि ती आम्ही सांगत नव्हतो. गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांचं वजन केलं तर त्याच्या कितीतरी पट वजन त्या वायूचं भरतं. म्हणजे इथे फोलच दाण्यापेक्षा जड! आणि दाणा-फोल दोन्ही मिळून जेवढं होईल त्याच्या कितीतरी पट जे कृष्णद्रव्य आहे, ते या उफणणीत दिसतही नाही.

आता शब्दांकडे येतो, कारण मराठीत निम्मा गोंधळ तिथेच होतो. गट आणि गुच्छ या दोन्हींसाठी 'समूह' हा एकच शब्द वापरलेला आम्ही वारंवार पाहतो. मग वाक्य होतं, 'दीर्घिकांचा समूह दीर्घिकांच्या समूहात विलीन होत आहे.' याच्यातून वाचकाने काय घ्यायचं? कोण लहान, कोण मोठा, कुणाचं काय जातंय, काही नाही. आणि हे फक्त आकाराचं नाही. गटाचा वायू तुलनेने थंड, गुच्छाचा जास्त तापलेला. त्या फरकावरूनच शेपटी ओळखता येते. शब्द एक केला की पुरावाच पुसला जातो. २०१७ च्या जुलैत पुण्याच्या आयुकातल्या जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सरस्वती' हा महागुच्छ जाहीर केला, चारशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. नाव आपलं, माणसं पुण्याची, आम्हालाही अभिमान वाटला. पण त्यावर आम्ही जे मराठी मजकूर वाचले त्यांत आकडे मोठे आणि रचना गायब. या महागुच्छात गट आहेत, गुच्छ आहेत, गट गुच्छांकडे ओढले जाताहेत, ही जी खरी हालचाल, ती 'समूहांचा महासमूह' या शब्दांत बुडून गेली.

दुसरा शब्द 'टक्कर'. मथळ्याला छान वाटतो. पण दोन दीर्घिका समोरासमोर आल्या तरी त्यांचे तारे एकमेकांवर आपटणं जवळपास अशक्य, इतकी मधली जागा मोकळी असते. आपटतो तो वायू.

तिसरा शब्द 'विलीनीकरण'. याच्यावर जरा जास्त बोलायचंय. आपल्या भागात हा शब्द ऐकला की शहापूर आणि मुरबाडच्या एस.टी. डेपोतल्या लोकांना २०२१ चा संप आठवतो. जुन्या माणसांना जव्हार संस्थान आठवेल. म्हणजे आपल्या कानाला विलीनीकरण हे कागदावर होतं, त्याला तारीख असते, आणि त्या तारखेनंतर वेगळं असं काही उरत नाही. आकाशात असं होतं का?

उत्तर मुकुट तारकासमूहाच्या दिशेला एबल २१४२ नावाचा मोठा गुच्छ आहे. त्याच्या कडेला एक गट आत शिरताना डॉमिनिक एकर्ट आणि सहकाऱ्यांना एक्सएमएम-न्यूटनच्या चित्रांत सापडला, २०१४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. टोकाला दीर्घिका, मागे वायूची शेपटी. शेपटीची लांबी निदान सव्वीस लाख प्रकाशवर्षं. म्हणजे इथून देवयानी दीर्घिका जितकी लांब, तितकी ती शेपटीच. तिचं तापमान सुमारे एक कोटी साठ लाख अंश आणि भोवतालचा वायू त्याच्या जवळपास चौपट तापलेला. आता इतक्या तापलेल्या वायूत हा थंड वायू सोडला तर तो लवकरच तापून त्याच्यात मिसळून जायला हवा. पण सेकंदाला बाराशे किलोमीटर वेग धरला तर हिशेब असा निघाला की ती शेपटी निदान साठ कोटी वर्षं टिकून आहे. साध्या उष्णतावहनाच्या हिशेबाने ती जितकी टिकायला हवी, त्याच्या चारशे पटींहून जास्त!

मग २०१७ मध्ये चंद्राने त्याच जागेकडे दोन लाख सेकंद, म्हणजे साधारण पंचावन्न तास, रोखून पाहिलेलं चित्र आलं. त्यात शेपटीचा पहिला आठ-नऊ लाख प्रकाशवर्षांचा भाग सरळ, नीट. त्याच्यापुढे ती फाकते, विस्कटते. त्यांचं म्हणणं असं की चुंबकीय क्षेत्राचं एक आवरण त्या वायूवर पांघरुणासारखं बसतं आणि पुढे ते फाटतं. तरीसुद्धा, आवरण फाटल्यावरही, मिसळणं हळूच चाललंय.

पहिल्या पावसात भातसा आणि काळू उल्हासला मिळतात ते तुम्ही पाहिलंय. गढूळ पाण्याची धार बराच वेळ आपला काठ धरून चालते, बाजूला वेगळ्या रंगाचं पाणी दिसत राहतं. नदीचं नाव पुलावर बदललं म्हणून पाणी लगेच बदलत नाही. म्हणून या घटनेला आम्ही आता 'विलीनीकरण' म्हणत नाही, 'शिरणं' म्हणतो. मिसळेल तेव्हा मिसळेल. काही मित्रांचं म्हणणं, शास्त्रीय परिभाषा ठरलेली आहे, तुम्ही कशाला ढवळाढवळ करता? असू दे. परिभाषा वाचणाऱ्याने वापरावी, पण समोरच्या मुलाला ती चुकीचं चित्र देत असेल तर बोलताना आम्ही ती बाजूला ठेवणार.

आता खुद्द चित्रं. त्यातले निळे-गुलाबी रंग खरे नाहीत, हे बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं, त्यावर वेळ घालवत नाही. न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे अशा वायूचा क्ष-किरणांतला उजेड घनतेच्या वर्गावर अवलंबून असतो. वायू दहापट विरळ झाला की उजेड शंभरपट कमी. त्यामुळे चित्रात जिथे काळं दिसतं तिथे काहीच नाही असं नव्हे. दुसरी गोष्ट, गुच्छाचा स्वतःचा उजेड इतका असतो की त्यातून गटाचं अंधुक रूप वर काढण्यासाठी बरेचदा गुच्छाचा एक सपाट, गोलसर नमुना मांडून तो चित्रातून वजा करतात. जे उरतं ते आपल्याला दाखवलं जातं. आता काय उरतं हे तुम्ही काय वजा केलं याच्यावरही ठरणार! यात लबाडी नाही, गरज आहे. पण चित्राखाली तेवढं एक वाक्य असायला काय हरकत आहे? आम्ही चित्रांखालच्या ओळी चाळल्या, बहुतेकांत ते नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट. हे एकच क्षणाचं चित्र आहे. कोट्यवधी वर्षं चालणाऱ्या गोष्टीतला एक फोटो. शिवाय सपाट. गट आपल्याकडे येतोय की पलीकडे जातोय हे वर्णपटावरून थोडंफार कळतं, पण आकाशाच्या पाटीवर तो डावीकडे चाललाय की उजवीकडे, ते मोजता येत नाही. फोटोत एक एस.टी. टोकावड्याच्या फाट्यावर उभी दिसते. ती माळशेजकडे निघालीय की माळशेजहून आलीय? बोनेट असलं तर सांगता येईल. गटाला बोनेट नसतं. शेपटीलाच बोनेट समजून आपण दिशा सांगतो.

तर आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, तिला त्या दिवशी द्यायला हवं होतं ते. कोमा गुच्छ आपल्यापासून सुमारे बत्तीस कोटी प्रकाशवर्षांवर. अरुंधती केश तारकासमूहात. त्याच्या मध्यापासून नैर्ऋत्येला, आकाशात मोजलं तर पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा थोडं कमी, इतक्या अंतरावर एनजीसी ४८३९ चा गट. प्रत्यक्षात ते अंतर निदान पस्तीस-चाळीस लाख प्रकाशवर्षं. १९९० मध्ये वर गेलेल्या रोसॅट दुर्बिणीच्या चित्रांत हा गट ठळक दिसला आणि प्रश्न सुरू झाला. १९९४ मध्ये जॅक बर्न्स आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की हा गट कोमाच्या गाभ्यातून एकदा आरपार जाऊन आलेला असावा. त्यांच्या लेखाचं शीर्षकच 'जेवणानंतरचा कोमा गुच्छ' अशा अर्थाचं आहे. (हशा) हो, खरंच तसं आहे. मग २००१ मध्ये एक्सएमएम-न्यूटनचं चित्र आलं. त्यात वायूची शेपटी गुच्छाच्या मध्यापासून दूर, नैर्ऋत्येला गेलेली दिसली. नॉयमन आणि सहकाऱ्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की गट ईशान्येला, म्हणजे आत, पहिल्यांदाच पडतोय. चित्र पाहिलं की हेच पटतं. आम्हाला पटलं, आम्ही ते पाठ केलं.

२०१९ मध्ये नतालिया लिस्कोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच चित्र पुन्हा वाचलं. त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं, की पाहताक्षणी हा पहिलाच शिरकाव वाटतो. आणि मग उलट मांडणी केली. गट ईशान्येकडून आला, गाभ्यातून पार झाला, नैर्ऋत्येला लांब गेला, तिथे गुच्छाच्या ओढीने त्याचा वेग संपला आणि तो परत फिरला. बाहेर जाताना वायू मागे रेटला गेला होता. परत फिरण्याच्या टप्प्यावर समोरचा रेटा संपला, वायू गटाच्या मध्याकडे परत आला, पण थांबला नाही, पलीकडे निघून गेला. तीच ही शेपटी! एस.टी. वेगात निघाली की आपण सीटवर मागे दाबले जातो आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की मागचा माणूस पुढच्या बाकावर जातो. या क्षणाला गट ईशान्येला वळलाय आणि वायू अजून नैर्ऋत्येला चाललाय. म्हणजे शेपूट मागे दिसतं खरं, पण ते मागे राहिल्यामुळे नाही, पुढे गेल्यामुळे!

दोन्ही वाचनांत शेपटी त्याच दिशेला. फरक इतिहासाचा. एका वाचनात गट नवखा आहे, दुसऱ्यात गाभ्यातून होरपळून आलेला. मग निवाडा कसा करायचा? चित्राच्या बाहेर पाहून. २०२१ मध्ये युजीन चुराझोव्ह आणि सहकाऱ्यांनी ई-रोसिटा दुर्बिणीतून कोमाचं मोठं चित्र घेतलं. त्यात गट आणि गुच्छ यांना जोडणारा एक अंधुक क्ष-किरण पूल दिसला. पहिल्यांदाच येणाऱ्याच्या पुढे, त्याच्या आणि गुच्छाच्या मध्ये, असा सांडलेला वायू कुठून येणार? गट त्या वाटेने एकदा गेलाय, हे त्यांनी यावरून मांडलं. आम्हाला हा पुरावा वजनदार वाटतो. कोमाच्या नैर्ऋत्येला बाहेर एक रेडिओ अवशेष आहे, लांबट अंधूक पट्टा, तो जुना ओळखीचा. लिस्कोवांच्या मांडणीत गटाने बाहेर जाताना उठवलेला धक्का आता गटापासून सुटून तिथपर्यंत पोचला असावा. म्हणजे क्ष-किरणांचा प्रश्न सोडवायला रेडिओ लहरींची साक्ष आली.

आणि रेडिओची साक्ष म्हटली की ती आपल्या घाटापलीकडेच. माळशेज चढून ओतूरवरून नारायणगावला गेलात की खोडद. जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. गुच्छांच्या कडेचे असले अंधूक रेडिओ अवशेष लांब तरंगलांबीत चांगले दिसतात आणि ही दुर्बीण त्याच कामाची. २००६ मध्ये बागची यांनीच एबल ३३७६ गुच्छाभोवतीची वलयासारखी रेडिओ कमान 'सायन्स' नियतकालिकात मांडली होती. ती नोंद अमेरिकेतल्या दुर्बिणीची, पण वाचणारे डोळे पुण्यातले. मुरबाडची सहल दरवर्षी माळशेजचे धबधबे पाहून परत फिरते. दोन तास पुढे गेलात तर काय बिघडेल, हे आम्ही प्रत्येक मुख्याध्यापकांना विचारतो. अजून दोघेच हो म्हणालेत.

कुणी म्हणेल, बत्तीस कोटी प्रकाशवर्षांवरचा गट आत चाललाय की बाहेरून परत आलाय, याने शहापूरच्या पोराला काय फरक पडतो? वेगळ्या तऱ्हेने सांगतो. शहरातल्या मुलाने चुकीचं ऐकलं तर पुढच्या महिन्यात दुसरं व्याख्यान असतं, तारांगण असतं, पुस्तकांचं दुकान असतं. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरच्या मुलाकडे अशी चित्रं घेऊन वर्षातून एकदा कुणी आलं तर आलं. तिथे सांगितलेलं दुरुस्त करायला दुसरं कुणी जात नाही. आणि आम्ही तिथे निकाल सांगितला, पुरावा नाही सांगितला. मुलीने पुरावा मागितला तेव्हा आवाज चढवून निकालच पुन्हा सांगितला. यात आकडा चुकला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.

त्या शाळेत आम्ही पुन्हा जाऊन आलो. ती आता दहावीत आहे. दोन्ही वाचनं फळ्यावर काढून दाखवली, खडूने बाण उलटे-सुलटे केले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता तो परत आत पडेल तेव्हा शेपूट कुठं जाईल? आमच्याकडे याचं एका वाक्यातलं उत्तर नव्हतं, तिच्याच फळ्यावर अर्धा तास गेला.

चित्राखालची ओळ आम्ही बदलली आहे. आता पडद्यावर आहे तीच. "एनजीसी ४८३९ चा गट, कोमा गुच्छाजवळ. शेपटी नैर्ऋत्येला. गट पहिल्यांदा आत येत असेल किंवा एकदा आरपार जाऊन परत फिरला असेल. दुसऱ्याच्या बाजूने पुरावे जास्त. तुम्हाला काय वाटतं, आणि कशावरून?" लांब आहे, मान्य. पडद्यावर दोन ओळींत मावत नाही.

बरं, मागचे लोक घड्याळ बघायला लागलेत. बाहेर मैदानातले दिवे बंद करायला सांगितलेत. पश्चिमेला कल्याण-मुंबईचा उजेड आहेच. तानसा-भातसाचं पाणी तिकडे जातं, उजेड इकडे येतो. पण अरुंधती केश आता जवळजवळ डोक्यावर आहे, तेवढा भाग बरा दिसेल. शेपटी दिसणार नाही, गुच्छही दिसणार नाही, ते कुठल्या दिशेला आहेत ते बोटाने दाखवतो. प्रश्न तिथेच घेऊ, चपला अंधारात सांभाळा.